बोलेरोच्या मागे फोल्डिंग कॅम्पर: दणका कशाचा, डुलणं कशाचं आणि जोडायचं कसं

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. सोलापुरात विजापूर रोडला राहणाऱ्या एका गृहस्थांनी जुना पॉप-अप कॅम्पर घेतला आहे. छत वर उचललं की दोन्ही टोकांना कापडी खोल्या उघडतात आणि बंद केलं की छातीएवढ्या उंचीची पेटी होते, तसला ट्रेलर. कागदावर रिकामं वजन ५४० किलो. ओढायला घरची बोलेरो. टो हूक, म्हणजे गाडीमागचा दांडा आणि त्यावरचा गोल लोखंडी बॉल, बाजारातून बसवून घेतलाय. कपलर, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाची वाटी, बॉलवर बसताना ‘टक्’ असा आवाज येतो, पण प्रत्येक स्पीडब्रेकरवर मागून दणका बसतो आणि काटा ७० च्या पुढे गेला की ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डुलतो. पाण्याचे दोन जार आणि मुलांच्या दोन सायकली मागच्या बंपरवरच्या जाळीत बांधल्या होत्या. नाताळच्या सुट्टीत आई-वडील आणि दोन मुलांना घेऊन उजनीच्या काठावर मुक्काम करायचा आहे. त्यांचं विचारणं एवढंच: ‘‘हूक नीट लागलाय हे खात्रीनं कसं ओळखायचं?’’

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत २६ वर्षं ट्रेलरची कामं करतोय. बहुतेक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मंडपवाल्यांचे जनरेटर, पाण्याचे टँकर. असले कॅम्पर बोटावर मोजण्याइतकेच हाताखालून गेले. पण दांडा, बॉल आणि साखळीला मागे ऊस आहे की गादी आहे हे कळत नाही, त्यामुळे सांगायला हरकत नाही.

मालक, तुमचे आजार दोन आहेत आणि दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. दणका हा बॉल-कपलरचा आजार. डुलणं हा सामान कुठं ठेवलंय त्याचा आजार. डुलण्यानं माणूस मरतो, म्हणून ते आधी घेतो.

आमचे आजोबा मोहोळकडच्या रानातून कडबा आणायचे. पेंढ्या रचून झाल्या की बैल जुंपायच्या आधी ते जू हातानं उचलून बघायचे. जू हलकं लागलं की म्हणायचे, ‘‘गाडी उलाळ झाली रे, मागच्या चार ओळी काढा.’’ मागं भार जास्त झाला की जू वर उचलतं, बैलांच्या गळ्यातले पट्टे ताणतात, चढाला तर बैल लटकायलाच येतात. फार पुढं भार झाला तर बैलांच्या मानेवर. म्हणून थोडा भार जुवावर हवा, पण थोडाच. टो बॉलचं गणित हेच आहे, फक्त बैलांच्या जागी बोलेरो आहे, आणि तिला ओरडता येत नाही.

आकड्यात सांगायचं तर भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर यायला हवा. तुमचा ५४० चा ट्रेलर अंथरूण, गॅस, भांडी, पाणी धरून ६५० च्या आसपास जाईल. म्हणजे बॉलवर ६५ ते ९७ किलो. आता तुमच्या मागच्या जाळीचा हिशोब करू. वीस लिटरचे दोन जार म्हणजे ४० किलोच्या वर, दोन सायकली २० ते २५. धरा ६५ किलो. ही जाळी चाकाच्या एक्सलच्या मागे साधारण दीड मीटरवर असणार आणि बॉल एक्सलच्या पुढे तीन मीटरवर. तर ६५ गुणिले दीड भागिले तीन, म्हणजे जवळपास ३२ किलो भार तुम्ही बॉलवरून उचलून घेतला. मुळात तिथे ६० असेल तर उरला २८. साडेसहाशे किलोच्या गाडीला २८ किलो म्हणजे पाच टक्केसुद्धा नाही. ती उलाळच झाली. बाजूनं ट्रक गेला, वाऱ्याचा झोत बसला, स्टिअरिंगला जरा हिसका बसला, की मागचं ते वजन एका बाजूला झोकांडतं, परत येताना मधोमध न थांबता दुसरीकडे जातं. वेग कमी असेल तर हेलकावे विरत जातात. वेग जास्त असेल तर पुढचा हेलकावा मागच्याहून मोठा. तुमचा ७० चा आकडा म्हणजे तुमच्या ट्रेलरची ती सीमारेषा आहे, आणि उतारावर ती आणखी खाली येते.

अंदाजावर मात्र जाऊ नका, मोजा. घरात माणसाचं वजन करायचा काटा असतो, दीडशे किलोचा. ट्रेलर सपाट जागेवर, प्रवासाला भरतात तसा भरून, चाकांना पुढून-मागून उटी (चाक घरंगळू नये म्हणून लावायचा दगड किंवा ठोकळा) लावून उभा करा. काट्यावर फळी, फळीवर लाकडाचा ठोकळा, असा की कपलर बॉलच्या उंचीवर येईल. ट्रेलरच्या दांड्याचा जॅक हळू खाली करा, सगळा भार ठोकळ्यावर येऊ द्या, काट्यावरचा आकडा घ्या, फळी-ठोकळ्याचं वजन वजा करा. काटा लहान असेल तर मजबूत वासा घ्या. एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, आणि विटेपासून एक फूट व काट्यापासून दोन फूट अशा जागी कपलर टेकवा. काटा एक तृतीयांश भार दाखवेल, त्याला तीननं गुणा. एकूण वजनाला मार्केट यार्डाकडचा नाहीतर कुठलाही वजनकाटा चालेल. मात्र ट्रकच्या काट्यावर बॉलचा भार मोजू नका, तो पाच-दहा किलोच्या पायऱ्यांनी दाखवतो आणि आपल्याला तेवढाच फरक तर बघायचाय.

कमी भरलं तर दांड्यावर दगड बांधायचे नाहीत. हसू नका, एकानं बांधले होते. सामान हलवायचं. जार आत घ्या, एक्सलच्या जरा पुढे, जमिनीलगत. खरं तर पाणी सोलापुरातून न्यायचंच कशाला, टेंभुर्णीला जार मिळतात. सायकली आत झोपवा नाहीतर घरी ठेवा. आणि एक चूक शहाणी माणसंही करतात: पुढे जड पेटी, मागे जड पेटी, बॉलवर आकडा बरोबर. काटा खूश, पण ट्रेलर डंबेलसारखा होतो, एकदा फिरायला लागला की थांबत नाही. जड ते मधे आणि खाली.

शंभरच्या वर भार गेला तर ते बरं, असंही नाही. बॉल बोलेरोच्या मागच्या एक्सलच्याही मागे आहे. समजा तो एक्सलपासून १.१ मीटरवर आणि दोन एक्सलमधलं अंतर २.७ मीटर. तर बॉलवरचे ८० किलो पुढच्या चाकांवरून ३२-३३ किलो उचलतात. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही हलके. शिवाय हे ८० किलो डिकीत ठेवलेल्या सामानाइतकेच मोजायचे. सहा माणसं, वरती कॅरिअरवर सामान आणि वर बॉल, हे सगळं गाडीच्या क्षमतेत बसतंय का ते गाडीच्या पुस्तकात बघा. ओढायचं कमाल वजन दिलं असेल तर तेही तिथेच असतं. पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसले आणि गाडी मागून वाकली तर हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातील आणि तुमचे पुढचे टायर कमी पकडतील.

आता दणका.

तुम्ही लिहिलंय कपलरवर ‘२ इंच’ कोरलंय, बॉल ‘नेहमीचा’ आहे. नेहमीचा म्हणजे कुठला? युरोपी पद्धतीचा बॉल ५० मिलिमीटरचा. अमेरिकी दोन इंच म्हणजे ५०.८. हा फरक पाऊण मिलिमीटरचा, त्यानं खडखड होते, दणका बसतो. पण अमेरिकी हलक्या ट्रेलरांना आणखी एक माप असतं, पावणेदोन आणि वर एक अष्टमांश, म्हणजे १⅞ इंच, ४७.६ मिलिमीटर. हा बॉल दोन इंची कपलरमध्ये गुमान बसतो, कुलूप लागतं, ‘टक्’ वाजतं, आणि एखाद्या खोल खड्ड्यात कपलर वर उडतो तो बॉल सोडून. नजरेला दोन्ही सारखेच दिसतात. माप बहुतेकदा बॉलच्या डोक्यावर कोरलेलं असतं. नसेल, पुसलं असेल, तर व्हर्निअर (जाडी मोजायची सरकती पट्टी) लावा. दोन दिशांनी मापा, आडवं आणि लांबीच्या बाजूनं. जुना बॉल ओढून ओढून एका अंगाला चपटा होतो, मग एक माप बरोबर येतं आणि दुसरं कमी. चपटा झालेला बॉल भंगारात.

बॉल बरोबर निघाला तर कपलरच्या पोटात हात घाला. आत जिभेसारखा तुकडा असतो, तो बॉलच्या खालून कवेत घेतो. बऱ्याच कपलरमध्ये त्याच्या खाली एक नट असतो, तो आवळून ढिलाई काढता येते. कुलूप जोर लावून लागेल पण हातोडी लागणार नाही, एवढंच आवळायचं. तरीही दणका राहिला तर बॉल ज्या चौकोनी दांड्यावर आहे तो नळीत हलतोय का ते बघा. तिथली ढिलाई धोक्याची नाही, कानाला त्रासाची आहे.

आणि तो बाजारचा टो हूक. गाडीखाली सतरंजी टाकून झोपा आणि बघा कशाला धरलाय. बंपरच्या पट्टीला असेल तर तो शोभेचा आहे, त्याला फार तर झेंडा बांधा. बोलेरो चासीवाली गाडी आहे, हूक दोन्ही बाजूच्या चासीच्या दांड्यांना बोल्टनं धरलेला हवा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा हवा. कोरं डोकं असेल तर तो गेटचा बोल्ट आहे. चासीवर वेल्डिंग करून दिलं असेल तर मला सांगू नका, सरळ काढून घ्या. चासीच्या पोलादाला नको तिथे आच दिली की ते वेल्डच्या कडेनं तडकतं आणि तडा रंगाखाली लपतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, लागलाय हे ओळखायचं कसं. आवाजावर विश्वास ठेवू नका, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. एका मंडपवाल्याचा जनरेटर रात्री तुळजापूरला पोचवायचा होता, पाऊस लागलेला, जॅकची मूठ गंजून जाम. मी कपलर हातानंच उचलून टेकवला, ‘टक्’ वाजलं, पिन सरकवली, निघालो. हिप्परगा तलावाच्या अलीकडे एका खड्ड्यात धाडकन आवाज आणि गाडीला मागून ओढ. कपलर बॉलवर बसलाच नव्हता. आतली जीभ बॉलच्या खाली जायच्या ऐवजी त्याच्या खांद्यावर टेकली होती, भारानं दाबून राहिली होती इतकंच. साखळ्या फुलीत बांधलेल्या होत्या म्हणून दांडा त्या झोळीत पडला, डांबरात खुपसला नाही. मागून कोणी येत नव्हतं. जनरेटरचं काही झालं नाही, माझे हात मात्र तुळजापूरला चहाचा कप धरेपर्यंत थरथरत होते.

तेव्हापासून एकच परीक्षा. कपलर बॉलवर सोडा, सगळा भार येऊ द्या, कुलूप लावा, पिन घाला. मग मोबाईलची बॅटरी लावून खालून बघा, जीभ बॉलच्या खाली गेलेली दिसली पाहिजे. आणि मग जॅक उलटा फिरवा, म्हणजे ट्रेलरचं नाक वर उचला. कपलर नीट लागला असेल तर त्याच्याबरोबर बोलेरोची मागची बाजूसुद्धा उचलेल. दोनेक इंच, पाटे मोकळे होताना कुरकुर ऐकू येईल. नुसतं नाक वर आलं आणि गाडी जागेवर, तर तो लागलेला नव्हता. मिनिटभराचं काम. माझ्याकडे कोणी कितीही घाईत असलं तरी गाडी उचलल्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही.

त्याच्या आधीची जुळणी सावकाश करा. ट्रेलरच्या चाकांच्या उट्या शेवटपर्यंत काढायच्या नाहीत, साखळ्या लागल्या तरी नाही. कपलर बॉलपेक्षा दोन-तीन इंच वर ठेवून गाडी मागे घ्या. दिशा दाखवणारा माणूस ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असा बाजूला उभा राहील, गाडी आणि ट्रेलर यांच्या मधे कधीच नाही. ‘‘अजून थोडं, अजून थोडं’’ म्हणत दांडा हातानं ढकलणारे बरेच असतात. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख असंच गेलं, पुन्हा सरळ आलं नाही. मुलं आणि वडीलधारी त्या वेळी घरात. बोलेरोच्या मागच्या दारावर स्टेपनी आहे, ते दार बाजूला उघडतं. ट्रेलर जोडल्यावर जॅकच्या दांड्याला किंवा पुढच्या गॅसच्या पेटीला आपटतं का, ते एकदा हळू उघडून बघा. रस्त्यात उघडून बघायची वेळ येईल तेव्हा उशीर झालेला असतो.

साखळ्या दोन हव्यात, त्या चासीला धरलेल्या कडीत, बॉलच्या दांड्याला नाही. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे, म्हणजे खाली फुली होते आणि दांडा सुटला तर तिथे झेलला जातो. पूर्ण वळणावर ताणू नयेत इतकी ढील, पण रस्त्याला घासू नयेत इतकी कमी. घासून झिजलेली कडी तुटायला बसलेली असते, वरून ठिणग्या उडतात, आणि मार्च-एप्रिलात आपल्याकडच्या वाळल्या गवताला ठिणगी पुरते. लांब झाली म्हणून साखळीला पीळ देऊन आखूड करू नका, पीळ घातलेली साखळी कमजोर होते. साखळीचा हूक उघडा असेल तर त्याला जीभ हवी, नाहीतर डी-शॅकल (पिननं बंद होणारी कडी) लावा. ट्रेलरला ब्रेक असतील तर एक बारीक तार येते, ट्रेलर सुटला की ती पिन ओढून ब्रेक लावते. ती तार साखळीत किंवा बॉलमध्ये अडकवली तर बॉलबरोबर तीही सुटायची. तिला गाडीवर वेगळी जागा द्या.

वायरिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण कॅम्पर घेणारे इथेच कंटाळतात. सात पिनांच्या युरोपी प्लगमध्ये पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, तपकिरी उजवा टेल, काळी डावा टेल, निळी मागचा फॉग आणि पांढरी अर्थ, म्हणजे अर्थिंगची. सगळ्या आजारांचं मूळ बहुतेक वेळा पांढरीत असतं. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर लावला की टेल लुकलुकतो, असं दिसलं तर बल्ब बदलत बसू नका, अर्थ गेलाय. बॉलमधून अर्थ मिळतोच, असं सांगणारे मेकॅनिक आहेत. मिळतो, ग्रीस आणि गंज येईपर्यंत. पांढरी वायर चासीला खरवडून स्क्रूनं घट्ट करा. बंद केलेला कॅम्पर बोलेरोपेक्षा बुटका असतो, आरशात नीट दिसत नाही, पण मागच्याला तुमचे गाडीचे दिवेसुद्धा त्याच्याआड दिसत नाहीत. त्याला ट्रेलरचेच दिवे दिसतात. मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा, पन्नास रुपयांत येते. ऊस सुरू झाला की मोहोळच्या पुढे संध्याकाळनंतर बिनदिव्यांच्या ट्रॉल्या आपण रोज शिव्या देत चुकवतो, निदान त्यांच्यात आपली भर नको.

बॉलला ग्रीस लावा, पण बोटानं पुसट. आपल्याकडची धूळ बघता जाड थर म्हणजे पॉलिश पेपरच. दर वेळी जोडताना जुनं फडक्यानं पुसून नवं लावा. डुलणं थांबवणारं घर्षणाचं कपलर असेल तर त्याच्या बॉलला मात्र ग्रीसचा थेंबसुद्धा नाही.

जोडून झाल्यावर चार पावलं लांब जाऊन बाजूनं बघा. ट्रेलरचा सांगाडा जमिनीला समांतर हवा, पुढं-मागं टेप लावून मापा. नाक वर असेल तर भार मागे सरकतो, परत उलाळ. बॉलचा दांडा खालीवर वाकवलेला मिळतो, तो उलटा लावून फरक काढता येतो. आणि हे माप गाडीत माणसं बसल्यावर घ्यायचं, रिकाम्या गाडीला नाही.

पॉप-अपच्या स्वतःच्या काही गोष्टी आहेत. छताचे चारी कोपऱ्यांचे चाप लागलेत का, कापड बाहेर लोंबत नाही ना, गॅसचा खटका सिलिंडरलाच बंद आहे ना. आणि चारी कोपऱ्यांचे ते पाय, जे मुक्कामाला खाली करतो, ते पूर्ण वर हवेत. ते पाय ट्रेलर स्थिर ठेवायला असतात, उचलायला नाहीत. त्यांच्यावर भार घेऊन ट्रेलर सरळ करत बसलात की सांगाडाच वाकतो. एक जरी पाय खाली विसरला तर पहिल्या पांढरे पट्टे नसलेल्या स्पीडब्रेकरला तो जाईल, आणि तसले स्पीडब्रेकर आपल्याकडे कुठे आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. आत कोणीही बसायचं नाही, मुलं कितीही मागे लागली तरी.

टायर. जुना कॅम्पर वर्षानुवर्षं उभा असतो, नक्षी नवी दिसते आणि रबर मेलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे शोधा. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर मी तरी उन्हाळ्यात लांब नेत नाही. चाकं लहान म्हणून फेरे जास्त, फेरे जास्त म्हणून ताप जास्त. हवा सकाळी, निघायच्या आधी, थंड टायरमध्ये भरा. दुपारी प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा सोडू नका. चाक काढून बसवलं असेल तर ८०-१०० किलोमीटरवर नट पुन्हा पान्यानं बघायचे, टेंभुर्णीला थांबलात की हे होऊन जातं. बेअरिंगचं ग्रीस कधी बदललं हे विकणाऱ्याला माहीत नसतं, तेव्हा निघण्याआधी हब (चाकाचा मधला गड्डा, ज्यात बेअरिंग असतं) उघडून भरून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलरची नोंदणी वेगळी होते, आणि ट्रेलर लावून चालवताना ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागेही दिसावा लागतो. तुमचा एमएच-१३ असेल तर तोच. विमा कंपनीला आधी लेखी विचारा, ‘मागे ट्रेलर लावला तर चालेल का’. अपघातानंतर विचारून उपयोग नसतो.

रस्त्यावर आधी फार लांब जाऊ नका. गल्लीत पंचवीस मीटर चालवून ब्रेक, उतरून कपलर बघा. मग होटगी रोडच्या बाजूला सकाळी सहाला एक चक्कर. पुणे हायवेला लागलात की मोहोळला पहिला थांबा: कपलर, पिन, साखळ्या, प्लग, आणि दोन्ही हबना हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त चटका देत असेल तर बेअरिंग बोलतंय. वेग ६०-७०. ओव्हरटेक करताना तुमची लांबी दुप्पट आहे हे मनात धरा, आणि उसाची डबल ट्रॉली वळायला आधी उलट्या बाजूला जाते, तिच्या शेजारी घुसू नका.

आणि तरीही डुललाच तर? पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, हेलकाव्याच्या उलट फिरवत बसू नका, तुमचा हात नेहमी एक हेलकावा मागे असतो. ब्रेक दाबू नका, वेग वाढवून ‘सरळ करायचा’ प्रयत्न तर नकोच. ट्रेलरच्या ब्रेकला गाडीत वेगळा खटका असेल तर फक्त तोच. वेग उतरला की तो आपोआप शांत होतो, मग बाजूला घेऊन सामान बघा. तुळजापूरच्या घाटातून उतरताना हे शिकायची जागा नाही, तिथे आधीच खालचा गिअर टाकून उतरायचं.

मागे घेणं हा तासाभराच्या सरावाचा विषय आहे. रविवारी सकाळी रिकामं मैदान गाठा. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलर जाईल. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा अवघड असतो, लगेच दुमडतो. दुमडायला लागला की हट्ट न करता पुढे घेऊन सरळ करा.

तुमच्या नाताळाला वेळ आहे. आधी जाळी रिकामी करून वजन घ्या, आकडा मला कळवा. आणि बॉल काढून घेऊन आलात तर व्हर्निअर माझ्याकडे आहे, येताना कपलरच्या आतलाही फोटो काढून आणा.